पात्यावरची खाच

पोलाद निवडताना माणसं हमखास खोटं बोलतात. रोजच्या वापराचा खिशातला चाकू हवाय म्हणतात, आणि मग रानडुक्कर सोलण्याच्या आणि दोरखंड तोडण्याच्या गोष्टी सांगत बसतात. प्रत्यक्षात कापतात पाव, सॉसेज, आणि फार तर औषधाचं खोकं. म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच विचारते, काल काय कापलंस? त्यावर पोलाद ठरतं. माझे वडील याच दुकानात याच स्टुलावर बसून हेच विचारायचे. पठारावरची माणसं अजून चाकू आमच्याकडूनच घेतात, आणि खाली शहरात घेतलाच तर माझ्यासमोर खिशातून काढत नाहीत.

फिर्मेंला मी तेच विचारलं. तो आणि मी एका शाळेत होतो. तेव्हा हा बैलासारखा दांडगा होता. त्या दिवशी दारातून आत आला तर कोट खुंटीला टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता.

"काल मी काहीच कापलं नाही, सोलांज," तो म्हणाला. "कापलं ते बाबांनी."

त्याच्या बाबांना, ओगुस्तकाकांना, मृतांच्या सणाच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुरलं होतं. त्यांच्या थडग्यावरची शेवंती अजून सुकली नव्हती.

फिर्मेंनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत चीझचा तुकडा होता, त्यांच्याच घरचा, जाड सालीचा. "बघ," म्हणाला.

मी खिडकीशी नेऊन पाहिला. कापलेली बाजू गुळगुळीत होती, पण तिच्यावर एका ठिकाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्याएवढी उंच रेघ उठली होती. ती रेघ मी ओळखत होते.

आमच्याकडे घरधनी चाकू उघडतो तेव्हा जेवण सुरू होतं आणि मिटतो तेव्हा संपतं. मग कुणाच्या ताटात काय उरलंय ते बघायचं नाही, उठायचं. आता बऱ्याच घरांतून ही रीत गेली. ओगुस्तकाकांच्या घरातून गेली नव्हती. शहाणा माणूस पातं मिटताना अंगठ्यानं धरून अलगद बसवतो, कारण आमच्या चाकूचं पातं सोडून दिलं तर धार मुठीतल्या पोलादी कमानीवर जाऊन आपटते आणि तिथं खाच पडते. ओगुस्तकाका मुद्दाम सोडून द्यायचे. खट्. रोज, दोन्ही वेळा, तीच धार, तीच जागा. दर हिवाळ्यात चाकू माझ्याकडे यायचा आणि मी ती खाच घासून काढायचे. पातं अर्ध्यावर आलं होतं.

"काका, पातं आपटू नका हो," मी दरवेळी म्हणायचे.

"मग ह्यांना कळणार कसं, जेवण संपलं ते?" ते दरवेळी म्हणायचे.

त्या हिवाळ्याची खाच काढायची राहून गेली. चाकू माझ्याकडे येण्याआधीच काका गेले. आणि खाच असलेल्या धारेनं चीझ कापलं की त्यावर अशीच रेघ उठते.

"चाकू तर त्यांच्याबरोबर गेला," मी म्हणाले. "जाकिटाच्या खिशात ठेवला होता. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"मीच ठेवला होता." फिर्में स्टुलावर बसला. "आवाजही येतो, सोलांज. जेवायला बसतो, चार घास खातो, आणि खट्. आम्ही तिघंही ऐकतो. मी, कोरिन, आई. मग मला पुढचा घास गिळताच येत नाही. लहानपणापासूनची सवय आहे ना अंगात. उठतो."

"भरल्या ताटावरून?"

"भरल्या ताटावरून."

मला हसू यायला हवं होतं. पन्नाशीचा बाप्या, दोनशे गायींचा मालक, आणि वडिलांच्या चाकूच्या भीतीनं उपाशी. पण त्याच्या मनगटाची हाडं दिसत होती. जे चार घास पोटात जात होते तेही त्याच्या अंगी लागत नव्हते. असंच चाललं असतं तर वसंतात गायी वरच्या कुरणात न्यायला तो उरला नसता.

"मला माझा चाकू हवाय," तो म्हणाला. "घरधन्याचा. तो टेबलावर उघडला की बाबांचा थांबेल, असं वाटतं."

आजवर त्याच्याकडे स्वतःचा चांगला चाकू नव्हता. बाप असेपर्यंत मुलानं टेबलावर चाकू काढायचा नाही, ही ओगुस्तकाकांची आणखी एक रीत.

मी त्याच्यासमोर पोलादाच्या तीन पट्ट्या मांडल्या. पहिली साधी, आमच्या पणजोबांच्या काळापासूनची. ती मऊ असते. तिला धार झटकन लागते, तशीच झटकन जाते. सफरचंद कापलं तरी निळी पडते, महिन्याभरात काळी. दुसरी स्टेनलेस, कोरिनच्या स्वयंपाकघरात आहे तशी, ना तक्रार ना कौतुक. तिसरी महागातली. पोलादाची बारीक भुकटी दाबून, भाजून करतात ती.

"ही वर्षभर दगडाला लावायला नको," मी सांगितलं. "डाग नाही, गंज नाही. पण ताठ फार. आपटली तर खाच पडत नाही, टवका उडतो. आणि टवका उडाला की माझ्याकडे आणू नकोस. माझा दगड तिच्यापुढे झिजतो."

"हीच दे."

"का?"

त्यानं ती पट्टी हातात घेतली आणि बोटानं पुसली. "हिच्यावर कुणाचं काही राहत नाही ना, म्हणून."

मी हो म्हटलं नाही. मी माणसाला जेवताना पाहिल्याशिवाय चाकू करत नाही. कोण कसा पाव धरतो, कोण पात्यानं घास उचलतो, कोण हाडावर चाकू रेटतो, हे तोंडी विचारून कळत नाही. "रविवारी जेवायला येते," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला तो आवाज ऐकायचा होता.

रविवारी पठारावर इतकं धुकं होतं की त्यांच्या फाटकाचा लोखंडी खांब हाताला लागला तेव्हा घर आलं असं कळलं. कोरिननं दार उघडलं. ती खालच्या दरीतली, लग्न होऊन इथं आलेली. थंडीची आणि सासऱ्याची सवय तिला कधी झालीच नाही.

"या सोलांजताई," ती माझा कोट घेताना हळूच म्हणाली. "आज तरी कुणी पोटभर जेवेल बघू. माझ्या हातचं कुत्रंसुद्धा ताट चाटून खातं. आणि ही दोघं बघा."

टेबलाच्या टोकाला ओगुस्तकाकांची खुर्ची होती. तिच्यापुढे ताट मांडलेलं होतं. फिर्में अजून आपल्या बाकावरच बसला होता, शाळकरी पोरासारखा. लेओनीकाकू, त्याची आई, चुलीजवळच्या कोपऱ्यात आपल्या ठरलेल्या बुटक्या स्टुलावर बसली होती. पाठीला बाक आलेला, मोठा निळा अ‍ॅप्रन गुडघ्यांपर्यंत. तिनं माझा हात हातात घेतला. "पोरी, किती वाळलीस," म्हणाली. मी वाळलेली वगैरे नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका प्रेमानं असंच म्हणतात.

कोरिननं बटाटा आणि चीझ घोटून केलेला चिवट आलिगो पातेल्यातून उचलला, त्याची दोरी खांद्यापर्यंत ताणली आणि ताटात सोडली. सोबत सॉसेज होतं. वाफ निघत होती. फिर्मेंनं पाव हातानंच तोडला. मी त्याची बोटं पाहत होते. तो भुकेला होता. लहानपणी खायचा तसाच मोठे मोठे घास घेऊन खात होता, आणि मला वाटलं, काही नाही, उगाच घाबरलाय. फळीवर चीझ होतं, त्यावर ती रेघ. मी तिकडे पाहायचं टाळलं.

खट्.

आम्ही चौघांनीही खुर्चीकडे पाहिलं. मीसुद्धा. खुर्ची रिकामी होती, ताट स्वच्छ होतं. फिर्मेंचा घास तोंडाशी आला होता. तो त्यानं खाली ठेवला, तोंड पुसलं आणि उठला. कोरिन उठली. आणि सांगायला लाज वाटते, मीही उठले. माझ्या ताटात अर्धं सॉसेज होतं आणि मला ते हवं होतं, पण पाय उठले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर जळालेला सुंभ आम्हा सगळ्यांना बांधून होता.

फिर्में गोठ्याकडे गेला. त्याच्या मागून कोरिन गेली, त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळत, पुटपुटत. मी भांडी पुसायला थांबले. आता भीती जाऊन मला राग आला होता, आणि राग आला की माझे कान चालू लागतात. मी आयुष्यभर चाकू मिटताना ऐकलेत. उघड्यावर मिटलेला चाकू कसा वाजतो आणि खिशात मिटलेला कसा वाजतो, हे मला झोपेतही कळेल.

"काकू," मी म्हणाले, "तो आवाज कापडातून आला."

लेओनीकाकूनं हातातलं भांडं विसळलं, उपडं ठेवलं, हात पुसले. मग अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातला आणि चाकू काढून माझ्या तळहातावर ठेवला. शिंगाची पिवळी मूठ, झिजून अर्धं झालेलं काळं पातं, आणि त्यावर माझी खाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पेटीचं झाकण लावायच्या आधी दोन मिनिटं मला एकटीला सोडलं होतं ना तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं, म्हातारी पापा घेतेय."

"पण का, काकू? फिर्में मरायला टेकलाय."

तिनं खुर्चीकडे पाहिलं. रिकाम्या खुर्चीकडे माणूस जसं पाहतो तसं नाही. "मातीहून आलो त्या दिवशी जेवायला बसलो," ती सांगू लागली. "तर हे बसलेले. रोजच्यासारखे. आम्ही जेवलो, उठलो, हे बसूनच. संध्याकाळी बसूनच. मी म्हटलं, अहो, जा आता. जातात कसले? चाकू मिटल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, हा ह्यांचाच नियम. आणि चाकू माझ्याकडे. मी तो आठवण म्हणून घेतला होता गं, दुसरं काही मनात नव्हतं. मग मी मिटला. तर उठले. टोपी घेतली आणि गेले."

चुलीत लाकूड फुटलं. मी दचकले, ती दचकली नाही.

"पुढच्या जेवणाला परत हजर," ती म्हणाली. "सकाळी उठून चीझ कापून ठेवते ह्यांना, जन्मभराची सवय. पण समोर बसलेले असले की मला घास उतरत नाही. जन्मभर असंच झालं, पोरी. सगळ्यांना वाढून मी टेकायचे, दोन घास घ्यायचे, की खट्. आता वाटलं होतं, सावकाश जेवेन. तर समोर हे. म्हणून लवकर मिटते. घालवून देते."

"आणि फिर्में उठतो त्याचं काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तोवर तिच्या ते खरंच ध्यानात आलं नव्हतं. "तो उठतोच की," ती म्हणाली. "त्याला सवय आहे." आणि मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती अ‍ॅप्रननं डोळे पुसू लागली.

मी तिला जवळ घेतलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवते की नाही हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही, आणि अजूनही विचारत नाही. मी एवढंच विचारलं, "फिर्मेंनं मिटला तर जातील?"

"घरधन्याचा असेल तर जातील. हे नियमाला धरून असतात. पण आवाज आला पाहिजे हं."

घरी येऊन मी भुकटीच्या पोलादाची पट्टी कपाटात परत ठेवली. जे पातं आपटायचंच आहे, आणि उद्या, परवा, तेरवाही आपटायचं आहे, त्याला टवका उडून चालत नाही. जे दुखावलं तर घासून परत उभं करता येईल असंच पोलाद हवं. मी साधी पट्टी भट्टीत घातली. तापवली, ठोकली, तेलात बुडवून कडक केली, आणि पुन्हा चुलीवर जरा जास्तच नरम केली. माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर डोक्यात हातोडी घातली असती. मूठ त्यांच्याच गायीच्या शिंगाची केली.

पुढच्या रविवारी चाकू घेऊन गेले. फिर्मेंनं पातं उघडून खिडकीकडे धरलं.

"हे ते नाही. मी दुसरं सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"हे काळं पडेल."

"पडेल. तू काय खाल्लंस ते त्याच्यावर दिसेल. दिसू दे."

तो काही बोलायच्या आत लेओनीकाकू कोपऱ्यातून उठली. खिशातून जुना चाकू काढला, चालत गेली आणि टेबलाच्या टोकाच्या ताटाशेजारी ठेवला. कोरिनच्या हातात पातेलं तसंच राहिलं.

"आई, हा तर..."

"मीच घेतला होता. मीच मिटत होते. ओरडायचं असेल तर नंतर ओरड." ती पुन्हा आपल्या स्टुलावर बसली. "आता माझा हात थकला. तू मिट. आधी मिट, ह्यांना जाऊ दे, मग आपण जेवू."

फिर्मेंनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मग त्यानं खुर्चीकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं तो हसेल, किंवा चाकू फेकून गोठ्यात निघून जाईल. त्यानं नवं पातं धरलं आणि अंगठ्याच्या आधारानं अलगद मिटलं, शाळेत असताना माझ्या वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं तसं. काडीचाही आवाज झाला नाही.

"मोठ्यानं, बाळा," लेओनीकाकू म्हणाली. "ह्यांना कमी ऐकू येतं."

त्यानं पातं पुन्हा उघडलं आणि सोडून दिलं.

खट्.

लेओनीकाकूची नजर खुर्चीवरून उठली आणि दाराकडे निघाली, सावकाश, गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या चालीनं. दाराशी जरा थांबली. "दार लाव गं," ती कोरिनला म्हणाली. "गार येतंय." दार लावलेलंच होतं. कोरिन गेली आणि तिनं ते पुन्हा एकदा लावलं.

मग फिर्मेंनं चाकू उघडला, सॉसेज कापलं, आणि आम्ही जेवलो. त्यानं तीनदा वाढून घेतलं. लेओनीकाकू ताटाच्या कडेला लागलेला आलिगोसुद्धा पावानं पुसून खात होती, आणि कुणीही तिच्या आधी उठलं नाही. बाहेर अंधारून आलं तरी ती खातच होती.

त्यानंतर त्यांच्या घरी आधी चाकू मिटायचा आणि मग जेवायचं, अशीच रीत पडली. पठारावर लोक हसले, मग हसायचे थांबले. फिर्में पहिल्यासारखा झाला, जाडच झाला जरा. पुढच्या हिवाळ्यात चाकू घेऊन आला तेव्हा धारेवर बरोबर त्या जागी खाच होती. मी ती काही न बोलता घासून काढली.

त्यानंतरच्या शरद ऋतूत लेओनीकाकू गेली. जुना चाकू आम्ही तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवला. या वेळी झाकणाचे खिळे बसेपर्यंत मी पेटीजवळून हलले नाही.

तिला जाऊन वर्ष उलटलं, आणि परवा फिर्में नेहमीप्रमाणे आला. मी पातं उघडून उजेडात धरलं. खाच वर्षाची असायला हवी तिच्या दुप्पट खोल होती.

"काय रे, घोडे ठोकतोस का याच्यानं?" मी म्हणाले. "हे असं चाललं तर पातं माझ्या हयातीतच संपेल."

तो टोपी हातात फिरवत उभा होता. "आता दोनदा मिटावा लागतो," म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"बाबांना आधी घालवतो, तुला माहीतच आहे. मग जेवतो. आमचं होतं, कोरिनचं होतं. पण मग आई..." त्यानं टोपी खाली ठेवली. "तिचं सावकाश चालतं, सोलांज. आम्ही थांबतो. ती पोटभर जेवली असं वाटलं की मगच मिटतो."

"वाटतं कसं तुला?"

"वाटतं," तो म्हणाला.

मी चाक सुरू केलं आणि खाच दगडाला लावली.